विचारलं तेवढंच सांग

अमेरिकन लष्कराच्या कागदांवर मी माझ्या बायकोचा डिपेंडंट आहे. वय अठ्ठेचाळीस, वजन विचारू नका, शिक्षण डॉक्टरेटपर्यंत, आणि रकाना तोच, ज्यात आमच्या अकरा वर्षांच्या लेकीचं नाव आहे. बायको लष्करात दातांची डॉक्टर. न्यू जर्सीत वाढलेली मराठी मुलगी, हुद्दा मेजर. त्याच कागदांवर ती माझी स्पॉन्सर आहे.

पुण्याला आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "स्पॉन्सर म्हणजे? गणपतीच्या मांडवाला असतो तसा?"

"साधारण तसाच."

"मग तुझ्यावर बोर्ड कुठे लावलाय तिने?"

माझ्या ओळखपत्रावर स्पॉन्सरचं नाव छापलेलं आहे, हे मी आईला सांगितलं नाही.

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला मी पीएचडीसाठी आलो आणि राहिलो. इथल्या एका संस्थेत मी प्लास्टिकच्या पट्ट्या वाकवतो. तुटेपर्यंत वाकवतो आणि कितव्या वेळी तुटली ते लिहून ठेवतो. पंधरा वर्षं हे काम दोन-दोन वर्षांच्या करारांवर केलं. दर दुसऱ्या वर्षी ख्रिसमसच्या सुमारास आपण पुढे असू की नसू या विचाराने झोप उडायची. गेल्या वर्षी कायमचा करार मिळाला. इथे आनंद ज्याचा, त्यानेच केक आणायचा असतो. मी दोन आणले.

यंदा ईस्टरच्या आधी बायकोच्या बदलीच्या ऑर्डर्स आल्या. जपान, ऑगस्टात हजर.

तोवर तिने बदल्या कशाबशा जर्मनीतल्या जर्मनीत, इथल्या अमेरिकन तळांवरच फिरवल्या होत्या. एक इथे, पुढची दोन तासांवर, मग पुन्हा इथे. या वेळी फिरवता आली नाही. "जपान म्हणजे चांगलंच की," मी म्हणालो. असं आपण म्हणतो.

कुटुंबाला परदेशी न्यायचं तर आधी प्रत्येकाची तपासणी होते. नव्या तळावरचा दवाखाना लहान. तिथे ज्याचे उपचार होणार नाहीत, अशा माणसाला पाठवत नाहीत. मग ज्याची बदली झाली त्याने एकट्याने जायचं. आमच्या बाबतीत म्हणजे बायको दोन वर्षं जपानमध्ये आणि मी लेकीला घेऊन इथे. तपासणीच्या दिवशी सकाळी बायको गणवेशाचे बूट बांधता बांधता म्हणाली, "ऐक. विचारलं तेवढंच सांग. हो किंवा नाही. कथा नको."

"मी कधी कथा सांगतो?"

लेकीने सिरियलच्या वाडग्यातून मान वर केली, आईकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

माझी बाजू मांडायची तर ती अशी. लहानपणी पुण्यात आमच्या डॉक्टरांकडे गेलं की आई दारातूनच सुरू करायची. काल काय खाल्लं, सकाळी काय झालं, मावशीच्या धाकट्यालाही असंच झालं होतं. डॉक्टर ऐकता ऐकता पुड्या बांधायचे आणि शेवटी म्हणायचे, "काही नाही, पित्त आहे." तेवढं ऐकायलाच आपण गेलेलो असतो. निम्मा आजार तिथेच उतरतो. म्हणून डॉक्टरसमोर बसलं की मी पोत्याचं तोंड सोडतो.

तपासणीची नर्स फार प्रेमळ निघाली. इतकी वर्षं जर्मन डॉक्टरांकडे चार मिनिटांत आत-बाहेर करणाऱ्या माणसाला "आणि तुम्हाला कसं वाटतंय?" असं विचारणारं कोणी भेटलं, तर काय होणार? तिने विचारलं, "छातीत कधी काही त्रास?" मी म्हणालो, जळजळतं. विशेषतः पावट्याची उसळ खाल्ली की. पावटा म्हणजे काय तेही सांगितलं. कधी कधी साहेबांची मेल आली की धस्स होतं. डाव्या खांद्यात कळ येते, पण ती उशीमुळे असावी. वडिलांना साठीत स्टेंट बसवला, पण ते तंबाखू खायचे. ती टाइप करत होती. ती छान टाइप करतेय याचं मला कौतुक वाटत होतं. मी थांबलो आणि तिच्या "काही नाही हो, पित्त आहे" ची वाट बघितली.

ती म्हणाली, "थँक यू. तुम्ही खूप मदत केलीत."

दहा दिवसांनी निकाल आला. बायको पास, लेक पास. माझ्यापुढे होतं: छातीत वेदना, डाव्या खांद्यापर्यंत जाणाऱ्या, मानसिक ताणाने वाढणाऱ्या, कुटुंबात हृदयरोग. हृदयतज्ज्ञाचा अहवाल येईपर्यंत मंजुरी स्थगित. बायकोने ते उभ्यानेच वाचलं.

"पावटा कुठे गेला?" मी विचारलं.

तिने कागदाची बारीक घडी घातली. तिने तसं केलं की मी भांडी घासायला घेतो.

मग पुढचे पाच आठवडे. माझा विमा जर्मन, कारण नोकरी जर्मन. म्हणून तळावरच्या दवाखान्याने सांगितलं, बाहेरच्या हृदयतज्ज्ञाकडे जा. बाहेरचा हृदयतज्ज्ञ म्हणाला, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा. नेहमीच्या डॉक्टरने मला तपासलं, पोट दाबलं, "बडीशेपेचा चहा घ्या" म्हणाली आणि चिठ्ठी देईना. तिच्या मते मला काही झालेलं नव्हतं! त्या नर्ससमोर बसलो होतो तेव्हा हे वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं. आता मी तिला पटवत होतो की मला काहीतरी झालंय. शेवटी चिठ्ठी मिळाली. मग हृदयतज्ज्ञाकडची भेटीची वेळ, म्हणजे टर्मिन. फोन मंगळवारी आठ ते नऊ. तीन मंगळवार एंगेज टोन ऐकला. चौथ्या मंगळवारी लागला. "नोव्हेंबर," पलीकडची बाई म्हणाली.

"मी ऑगस्टात जपानला जाणार आहे."

"मग नोव्हेंबरात परत आलात की या."

मी आवाज चढवला. माझ्या जर्मनची गंमत अशी की आवाज चढला की व्याकरण उतरतं. तिने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली, जेवली, लेक तिच्या खोलीत गेली, आणि मग तिने विचारलं, "तुला यायचंय का?"

"हा काय प्रश्न झाला?"

"साधा आहे. तू तुझ्या साहेबांना सांगितलंस का?"

"योग्य वेळ बघतोय."

"तीन महिन्यांची नोटीस आहे तुझी. मी घर सोडायचं पत्र देऊन बसलेय. एकतीस जुलैला आपल्याला घर नाही. आणि तू योग्य वेळ बघतोयस?" न्यू जर्सीचं तिचं मराठी रागात जास्तच शुद्ध होतं. "बारा वर्षं मी लोकांच्या हातापाया पडून बदल्या इथल्या इथे करून घेतल्या. कोणासाठी?"

"मी सांगितलं होतं का करायला?"

हे वाक्य तोंडातून निघतानाच मला परत घ्यायचं होतं. ती उठली. दारात थांबून म्हणाली, "त्या नर्सला तू मुद्दाम सांगितलंस ना सगळं?"

मुद्दाम नव्हतं. हे मी शपथेवर सांगेन. पण ते स्थगितीचं पत्र आलं, तेव्हा पहिल्या क्षणी मला जे वाटलं, ते सुटल्यासारखं होतं. हेही तितकंच खरं. मी तिला दोन्ही सांगितलं. त्याच क्रमाने. पहिलं ऐकून ती परत येऊन बसली, दुसरं ऐकून पुन्हा उठली नाही, एवढंच.

"तिथे मी काय करणार?" मी म्हणालो. "पंधरा वर्षं वाट बघून एक खुर्ची मिळाली. तिथे तळावरच्या दुकानात मला तुझ्या कार्डावर दूध मिळणार."

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय?" तिने टेबलावरचे चिंचोके गोळा करायला घेतले. लेकीने सारीपाटासारखा काहीतरी खेळ मांडून अर्धवट सोडला होता. "पण दोन वर्षं मी तिला स्क्रीनवर मोठी होताना नाही बघणार. नाहीच यायचं तुला, तर आत्ता सांग. मी राजीनाम्याचं विचारते. पण तुझ्या छातीच्या मागे लपू नकोस."

मी खाली पडलेला एक चिंचोका उचलून तिला दिला. तेही एक उत्तर झालं असतं, पण तेवढ्यात लेक खोलीतून बाहेर आली. सगळं ऐकलेलं तोंडावर दिसत होतं. ती जर्मनमध्ये म्हणाली, "आल्झो पापा, तो टर्मिनचा नंबर मला दे."

पुढच्या मंगळवारी शाळेत जायच्या आधी, आठच्या ठोक्याला, तिने फोन लावला. लागला. मी बाजूला उभा. ती सांगत होती, माझे पापा आहेत, आम्हाला जपानला जायचंय, त्यांच्यामुळे अडलंय, कोणी टर्मिन रद्द केलं असेल तर प्लीज. मग ती हसली, पलीकडचीही हसली असावी. "गुरुवार, दहा वाजून वीस मिनिटं," लेक म्हणाली आणि दप्तर उचललं.

"तू काय वेगळं बोललीस? मीही हेच सांगितलं होतं."

"तू भांडलास, पापा. मी विचारलं."

गुरुवारी हृदयतज्ज्ञाने मला सायकलवर बसवलं, छातीला वायरी लावल्या आणि घाम निघेपर्यंत चालवायला लावली. मग तो पट्टीवरचे डोंगर बघत राहिला. "छान आहे," तो म्हणाला. "तुमच्या वयाच्या मानाने फारच छान." आणि पेन उचलून, "आणखी काही तक्रार?"

आणखी काही? गुडघा होता. पहाटे अंगठ्याला येणाऱ्या मुंग्या होत्या. डोळ्यांसमोर कधी कधी तरंगणारे ठिपके होते, त्यावर तर मी दहा मिनिटं सहज बोललो असतो. खोलीत छान ऊन आलं होतं आणि माणूस ऐकणारा वाटत होता.

"नाही," मी म्हणालो.

अहवाल तीन ओळींचा होता. तो जर्मनमध्ये म्हणून इंग्रजी करायला हवा होता. मी म्हणालो, मी करतो, वीस वर्षं हेच करतोय. रुग्णाला स्वतःचा अहवाल भाषांतरित करता येत नाही, तळावरच्या बाईने सांगितलं, आणि भाषांतर करणारे गृहस्थ सुट्टीवर होते. तीन ओळींना अकरा दिवस लागले. पण मंजुरी आली. "स्पॉन्सरसोबत प्रवासास योग्य."

आता कोणीच मला अडवत नव्हतं. हे इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं.

दोन दिवस मी ते पत्र टेबलावर तसंच ठेवलं. बायकोने विचारलं नाही. ते तिला फार जड गेलं असणार, कारण तिचा स्वभाव तो नव्हे. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हणालो, "आज मला संस्थेत सोडशील?"

"गाडी बिघडलीये तुझी?"

"नाही."

तिने जास्त विचारलं नाही. संस्थेच्या बाहेर गाडी लावून ती म्हणाली, "मी थांबते."

साहेब कॉफी करत होते. मी राजीनाम्याचं पत्र पुढे केलं आणि बायकोची बदली, जपान, ऑगस्ट, सगळं सांगितलं. आता मी माझ्या पद्धतीने सांगितलं, म्हणजे थोडं जास्तच. त्यांनी मला कॉफी दिली. नोटिशीचे महिने पुरत नव्हते. शिल्लक सुट्ट्या धरून काय जमतं ते बघू म्हणाले. तिथे काय करणार, असं त्यांनीही विचारलं आणि मी खांदे उडवले. निघताना ते म्हणाले, "शाडं." म्हणजे वाईट वाटलं. जर्मन माणूस हे उगाच म्हणत नाही.

मी गाडीत येऊन बसलो. बायकोने इंजिन सुरू केलं नाही.

"काय म्हणाले?"

"शाडं म्हणाले."

"आणि तू?"

"मीपण तेच म्हणालो."

तिने मान हलवली. "वर्षभर मी चिडचिड करणार आहे," मी म्हणालो. "आधीच सांगून ठेवतो."

"कर. बेल्ट लाव आधी."

मी बेल्ट लावला.