तुम्ही कुठे जिंदगी करता?

फारसीच्या वर्गातला पहिला नमुना प्रश्न होता : शोमा कोजा जेंदेगी मीकोनीद? तुम्ही कुठे राहता? शब्द सुटे केले तर, तुम्ही कुठे जिंदगी करता?

आमची जिंदगी शाहूपुरीत, दुकानावरच्या दोन खोल्यांत. सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून मी भाजी आणण्यापलीकडे बाहेर पडलेले नाही. नवरा खाली दुकानात, नणंद मुरगूडला, आणि 'तुलाच जमतं गं सगळं' म्हणून सगळ्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलेलं. इतिहासात एम. ए. केलेली बाई मऊ भात कालवत बसते. पुण्यात राहून जुने फारसी कागद वाचायचं काम मिळण्यासारखं होतं, पण आधी तिथे जाऊन तोंडी परीक्षा द्यायला हवी. म्हणून मोबाइलवर वर्ग लावला.

सुरुवात सोपी वाटली. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. त्याला लिंगही नाही. आमच्या कोल्हापूरच्या बायका तरी कुठे ते पाळतात, 'मी जातो, मी करतो' म्हणतातच की. 'मीकोनम' म्हणजे 'मी करते', तेव्हा त्यातला 'मी' आपलाच, असं मी धरून चालले. 'तो करतो' सांगताना मी 'मी' गाळून नुसतं 'कोनद' म्हटलं, तर पलीकडे सर हसले.

"बाई, तो 'मी' म्हणजे तुम्ही नव्हे. क्रिया चालू आहे, एवढीच ती खूण. करणारा कोण, ते शेवटच्या अक्षरावरून कळतं."

म्हणजे काम चालू आहे आणि त्यात मी नाही. माझं डोकंच फिरलं. वर्ग संपल्यावर भांडी जरा जास्तच आपटली.

"काय झालं गं?" सासूबाई खाटेवरून ओरडल्या. एक हात गेला, पण आवाज अजून खणखणीत.

"काय न्हाय, आत्याबाई. तुम्ही कुठं जिंदगी करता, असं विचारत्यात."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"जिंदगी करायची असती व्हय? आम्ही नुसता संसार केला."

त्यांच्यामुळे मी अडकले, म्हणून इतके दिवस मी मनातल्या मनात चरफडत होते. माझ्या कितीतरी आधीपासून त्या याच दोन खोल्यांत होत्या, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी भांडी ठेवून त्यांच्या खाटेजवळ गेले.

"परीक्षा कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी. पुण्याला."

"मग जा की. पोरीला मुरगूडास्नं बोलवून घेतो मी."

मी त्यांची उशी सारखी करायला वाकले. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं.

"माघारी येशील न्हवं?"

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना, आणि त्या मनगट सोडेनात.