बादशहाच्या डोक्याचा साचा

"डोकं मोजल्याशिवाय कातड्याला हात लावू नये," हे ताजमीर खलिफांचं पालुपद; खलिफा म्हणजे आमच्याकडे उस्ताद कारागीर. काबूलच्या आमच्या टोपीवाल्यांच्या गल्लीत त्यांचं दुकान माझ्या तंदूरसमोर. नान भाजता भाजता मी ते आयुष्यभर ऐकलं.

कोकराच्या कुरळ्या कातड्याची टोपी साच्यावर जन्मते. ओलं कातडं अक्रोडाच्या लाकडावर ताणायचं आणि सुकेपर्यंत धीर धरायचा. खलिफांच्या फळीवर साठ साचे होते. एकसष्टावा मात्र फडक्यात गुंडाळलेला. तो बादशहाच्या डोक्याचा. तरुणपणी खलिफांनी स्वतः राजवाड्यात जाऊन दोऱ्याने माप घेतलं होतं.

मग बादशहा परदेशी गेला आणि मागे त्याची गादी गेली. काबूलमध्ये रणगाडे आले, रॉकेटं आली. गल्ली रिकामी होत गेली. खलिफांची बायको वारली. मुलगी शाहपेरी पेशावरला नांदत होती. दर वसंतात तिचा निरोप यायचा, बाबा, या.

खलिफा म्हणायचे, "गिऱ्हाइकाने डोकं माझ्याकडे ठेवलंय. तो आला आणि मी नसलो तर?"

"ते डोकं तुम्हाला कधीच विसरलंय, खलिफा!"

"तू तुझे नान बघ. करपतायत."

एका हिवाळ्यात साठही साचे चुलीत गेले. तो एक राहिला. एकोणतीस वर्षं खलिफांनी त्याला तेल चोळलं. जेवायला बसले की समोर तोच असायचा. दुसरं होतं कोण?

बादशहा परतला, पार थकलेला. राजवाड्यातून निरोप्या आला, टोपी हवी. खलिफांनी अकरा दिवस दार लावून काम केलं. टोपी गेली, आणि दुसऱ्याच दिवशी परत आली.

"कानांवर उतरते," निरोप्या हसत म्हणाला. "आत कागद भरा, काका."

"कागद तुझ्या डोक्यात भर, तिथे जागा आहे. मला माप घेऊ दे."

"आत सोडत नाहीत कुणाला. पहारा परदेशी आहे."

तो गेल्यावर खलिफांनी टोपी पुन्हा साच्यावर चढवली; ती चपखल बसली. आयुष्यभर जगाला सांगितलेला नियम त्यांनी स्वतःच मोडला होता. साचा जपला, की डोकंही तसंच राहतं, असं ते धरून चालले होते. मी नेलेला चहा निवून गेला.

संध्याकाळी त्यांनी पेटीतून स्वतःची लग्नातली टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली. ती भुवयांवर घसरली.

"बादशहा आणि मी एकाच वयाचे," ते हळूच म्हणाले.

किती सैल झाली ते त्यांनी बोट घालून पाहिलं. मग कानस घेतली आणि बादशहाचा साचा तेवढाच घासून उतरवला. एकोणतीस वर्षांचं तेल प्यायलेलं लाकूड. भुसा हाताला चिकटत होता.

दुसरी टोपी गेली. खलिफा तीन दिवस उंबऱ्यावर बसून होते. चौथ्या दिवशी निरोप्या माझ्याकडे नान घ्यायला आला आणि तिथूनच खलिफांना ओरडून म्हणाला,

"बसली, काका! आता काढतच नाहीत."

"काही म्हणाले?" खलिफांनी विचारलं.

"कोण?"

"ते. बादशहा."

"नाही. टोपीला काय म्हणायचं असतं?"

खलिफांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं. खांद्यावर लहानसं बोचकं होतं. "शाहपेरीकडे जातो," म्हणाले. मी चार गरम नान बांधून दिले. ते काठी टेकत, भिंतीच्या कडेकडेने मोटारअड्ड्याकडे निघाले. वळणापर्यंत एकदाही मागे बघितलं नाही. बघणारे आम्ही दोघंच होतो: हातात सळई घेतलेला मी, आणि शेजारच्या खाटकाचं कुत्रं.