सोवळ्यातला दोर

आमचे धाकटे भावजी ढुंढिराज म्हणजे अगदी भागूबाई. आणि नोकरी कुठे, तर समुद्रातल्या तेलविहिरींवर! तिथला खडक चुनखडीचा. खोदतानाचा चिखल त्यात बसला की तेल यायचं थांबतं. मग हे नळीतून अ‍ॅसिड सोडतात. ते चुनखडी खात वाट काढतं आणि तेल पुन्हा येऊ लागतं. पण वारा कुठला आहे ते पाहिल्याशिवाय भावजी व्हॉल्व्हला हात लावायचे नाहीत.

या छुट्टीत ते बनारसला आले, तेव्हा अमृतराव घाटावरची आमची घरची विहीर आटत चालली होती. झरे चुन्यानं बुजलेले. मीच डिवचलं, "समुद्रातल्या विहिरी मोकळ्या करता, घरची तेवढी जमत नाही होय?" बिचाऱ्यांनी अ‍ॅसिड ओतलं आणि चारचारदा बजावलं, "दोन दिवस कुणी आत उतरायचं नाही. चुना विरघळला की गॅस निघतो. त्याला वास नसतो आणि तो तळाशीच बसून राहतो."

त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे हे, वेणीमाधव. ह्यांनी यातलं काय ऐकलं असेल? गेल्या महिन्यात देवाची तांब्याची कळशी विहिरीत पडली होती. अ‍ॅसिड ती खाणार, एवढंच ह्यांच्या डोक्यात बसलं. त्या विहिरीत सोवळ्याशिवाय कुणी उतरत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी स्नान करून, सोवळं नेसून, कमरेला सोवळ्यातला दोर बांधून हे उतरले. मी पाहिलं तेव्हा डोकंसुद्धा आत गेलं होतं.

"अहो!" मी हाक मारली. "आलो," म्हणाले. मी पुन्हा हाक मारली. वाकून पाहिलं तर मान छातीवर पडलेली. दोर रहाटावरून माझ्यासमोर हातभर अंतरावर ताणलेला, आणि मी नुसती उभी.

भावजी धावत आले. ते आत उतरले नाहीत. मागून उतरणाराही तिथंच राहतो, हे त्यांना ठाऊक. दोर धरून ओरडले, "ओढा, वहिनी!"

"मी पारोशी आहे," मी म्हणाले. खरंच म्हणाले हो.

एकट्यानं ओढवेना. त्यांचे हात सोलून रक्त दोराला लागलं, तेव्हा कुठे मी हात घातला. ह्यांना ओसरीवर निजवलं. भावजी छातीला कान लावून बसले. मला वाटलं, संपलं सगळं. मग ह्यांनी डोळे उघडले.

"दोराला कोण शिवलं?"

भावजी रडायलाच लागले.

"मी शिवले," मी म्हणाले. "आणि उशिरा शिवले."