एकही डाग नसलेलं कापड

वागिराच्या जिभेला हाड नव्हतं. इमोगिरीच्या टेकड्यांखाली तिच्या घराच्या ओसरीवर सहा-सात बायका मेणाच्या शेगडीभोवती बसून बातिक करायच्या, म्हणजे मेणानं कापडावर नक्षी रेखायच्या, आणि त्यातल्या प्रत्येकीनं तिची बोलणी खाल्लेली होती. कापडावर भलत्या जागी मेणाचा थेंब पडला की तो तिला पाठमोरी बसूनसुद्धा दिसायचा. "कुठं आग लागलीय गं? पळतेस कशाला?" असं ती म्हणायची, आणि जिच्या हातून थेंब पडला ती मान खाली घालून फुंकर मारत बसायची. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. एवढं असूनही ओसरी सोडून कुणी गेली नाही, कारण आजारपणात पेज घेऊन घरी येणारीही वागिराच होती. अर्थात पेज पाजतानाही ती बोलायचीच.

फक्त पोनिरा तिला उलट बोलायची. दोघी एका वर्षाच्या, पण आपण दोन महिन्यांनी लहान आहोत याचा पुरेपूर फायदा घेऊन पोनिरा तिला 'यू' म्हणजे ताई म्हणे आणि मग ताईची टर उडवायला मोकळी होई.

वागिराची सून येक्ती मात्र अगदी दुसऱ्या टोकाची. इतकी भिडस्त की पाऊस लागला म्हणून कुणाच्या पडवीत उभी राहिली तर आधी चार वेळा माफी मागेल. सासूला ती साऱ्या गावासारखंच 'बू' म्हणजे आई म्हणे, आणि सासू तिला 'न्दुक' म्हणजे पोरी. नवरा दूर सुराबायाला बांधकामावर होता, ती सासूपाशी राहून चांतिंग चालवायला शिकत होती. चांतिंग म्हणजे तांब्याच्या इवल्याशा चोचीची लेखणी. त्यात वितळलेलं मेण भरायचं आणि कापडावर रेघ ओढायची. हात जरा हलला की थेंब पडलाच.

आणि येक्तीचा हात हलायचा, कारण तिच्या पोटातलं बाळ महाद्वाड होतं. सहाव्या महिन्यापासून ते अशा लाथा झाडायचं की पोटाला टेकलेलं कापड उडायचं. दिवसाकाठी आठ-दहा डाग ठरलेले. वागिरा पोटाकडे बघून दरडावायची, "अहो महाराज, जरा दमानं. बाहेर आलात की बघते तुमच्याकडे." आणि मग स्वतः सळई तापवून ते डाग काढत बसायची. दुसऱ्या कुणाचे डाग तिनं जन्मात काढले नव्हते.

आठव्या महिन्यात एका सकाळी येक्ती हळूच म्हणाली, "बू, आज बाळ जरा शांत वाटतंय."

वागिराला कोण आनंद झाला. "तपाला बसलं असेल. पोट ही गुहाच की. शहाणं बाळ तप करतं, न्दुक. उठवू नये त्याला."

आमच्याकडे असं म्हणतातच. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या, एकीनं तर नातू मोठा ज्ञानी निघणार म्हणून आत्ताच जाहीर केलं. येक्ती पुढे काही बोलली नाही. सासू खूश, बायका खूश, त्यात आपण कशाला विघ्न आणा? आमच्या माणसांचा हा जुना रोग आहे. घर जळत असलं तरी आधी पाहुण्याला चहा विचारतील, मग म्हणतील, तसं फार काही नाही, जरा धूर येतोय.

दुपारी तीनच्या सुमारास वागिरानं येक्तीचं कापड उचलून उजेडात धरलं. वीतभर पाहिलं, हातभर पाहिलं. एकही डाग नव्हता.

"यू, सून तयार झाली बघ तुझी," पोनिरा म्हणाली. "आता तू घरी बसलीस तरी चालेल."

शाबासकी द्यायला म्हणून वागिरानं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. सकाळपासून एकही डाग नाही. म्हणजे सकाळपासून एकही लाथ नाही.

"शेवटचं कधी हललं?" तिनं विचारलं.

"काल संध्याकाळी, चहा पिताना," येक्ती म्हणाली, आणि मग अगदी बारीक आवाजात, "तुम्ही म्हणालात उठवू नये."

वागिरानं कापड तिथंच टाकलं, अंगणात उभ्या असलेल्या, शेजारच्या तुकिजोच्या टेम्पोत सुनेला पुढं बसवलं आणि स्वतः मागं बकऱ्यांच्या चाऱ्यावर चढली. तुकिजो म्हणाला, "आधी चारा उतरवून येतो." वागिरा त्याला जे म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सुईणबाई हेस्ती सरकारी दवाखान्यात नव्हत्या. त्या सरपंचांच्या मुलीच्या लग्नात होत्या. आता गंमत बघा. ओसरीवर वाघीण असलेली ही बाई मांडवाच्या दारात पोचली आणि तिचं पार मांजर झालं. समोर रेशमी कपड्यातली माणसं, आणि आपण मेणानं माखलेल्या ओच्यानं, केसात गवत. यजमानीण पुढं आली, दोन्ही हातांनी हात धरला, "या, या, आधी जेवा," म्हणाली. आणि वागिरा बसली. नाही म्हणणं बरं दिसत नाही ना. तिच्या हातात सुपाचा वाडगा आला आणि तिनं दोन चमचे सूप प्यायलंसुद्धा. शेजारच्याच खुर्चीवरच्या हेस्तीबाईंना तिनं आदबीच्या भाषेत प्रकृती विचारली. त्यांच्या आईची प्रकृती विचारली. मग म्हणाली, "तसं फार काही नाही, पण सुनेचं बाळ कालपासून हललं नाही."

हेस्तीबाईंनी वाडगा खाली ठेवला. "कालपासून? आणि तुम्ही सूप पिताय?"

घट्ट लुगड्यात भराभर चालता येत नाही म्हणून त्यांनी ते गुडघ्यापर्यंत उचललं आणि साऱ्या लग्नासमोर टेम्पोकडे धावल्या. दवाखान्यात त्यांनी येक्तीच्या पोटावर यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर. वागिरा भिंतीला धरून उभी. मग टकटक, टकटक, भरधाव. वागिरा लहान मुलीसारखी रडली.

"ठोके आहेत," हेस्तीबाई म्हणाल्या, "पण माझं एवढ्यानं भागत नाही. मोठ्या इस्पितळात जायचं, आत्ता."

तिथं येक्तीच्या पोटाला दोन पट्टे बांधले, कागदावर ठोक्यांची रेघ निघत राहिली. अर्धा तास झाला असेल नसेल, आणि पोटातल्या महाराजांनी अशी लाथ मारली की पट्टा सरकला. मग दुसरी. मग तिसरी. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, सगळं ठीक म्हणाल्या. वागिरा शरमून म्हणाली, "उगाच त्रास दिला तुम्हाला."

"उगाच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाळ काही झोपेत दिवस काढत नाही, आणि तप तर नाहीच नाही. हालचाल कमी वाटली की त्याच दिवशी यायचं, दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. दहा वेळा आलात तर दहा वेळा तपासू."

दोघींनी माना डोलावल्या. पण गाव म्हणजे गाव. बकरीच्या चाऱ्यावर बसून लग्नातून सुईण पळवणारी बाई लोकांना कुठं रोज मिळते? बाजारात, विहिरीवर, भाजीवाल्याच्या गाडीपाशी एकच विषय. "बू वागिरा, आज कुठलं लग्न?" असं पोरंसोरं विचारायची. पोनिरा तर दोन चमचे सूप पिण्याची नक्कल करून दाखवायची आणि बायका हसून लोळायच्या. जन्मभर दुसऱ्यांना टोचणाऱ्या बाईला टोचून घेण्याची सवय नसते. वागिरानं मनाशी गाठ बांधली, पुन्हा असा तमाशा नाही. पुढच्या वेळी जरा धीर धरायचा.

आणि पुढची वेळ तीन आठवड्यांतच आली.

सकाळचे दहा वाजले होते. शेगडीवर मेण नुकतंच वितळलं होतं. येक्ती म्हणाली, "बू, रात्रीपासून कमी झालंय. रोजच्यासारखं नाही."

ओसरीवर कुणीतरी खुदकन हसलं. पोनिरानं अदृश्य वाडगा हातात धरला. वागिराचे कान तापले. "आत्ताच तर जाऊन आलो," ती म्हणाली. "गोड चहा पी, जरा पड. दुपारपर्यंत बघू, न्दुक. दर वेळी काय लोकांना त्रास द्यायचा?"

येक्तीनं उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. तिनं चांतिंगमधलं मेण शेगडीवरच्या कढईत ओतलं. हात पुसले. पोटाला आधार देत उठली.

"मी निघाले, बू," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण शब्द सगळे ऐकू आले. "तुम्ही येणार असाल तर या. नसाल तर तुकिजोंना मी सांगते."

कुणी हसलं नाही. पोनिरानं हात खाली घेतले आणि येक्तीच्या चपला तिच्या पायाशी सरळ करून ठेवल्या. वागिरा एक शब्द न बोलता सुनेमागं गेली. तिचं न बोलणं हीच त्या दिवशी ओसरीवरची मोठी बातमी होती.

या वेळी पट्टे बांधले तेव्हा कागदावरची रेघ डॉक्टरांना आवडली नाही. पोटातलं पाणीही कमी झालं होतं. "आणखी थांबण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या, "बाळाला आजच बाहेर काढू." येक्तीनं सही केली. वागिरानं तिचा हात हातात घेतला, तो नर्सनं सोडवला, आणि दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर वागिरा एकटी बसली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दुपारपर्यंत बघू, असं म्हटलं होतं ते मी. सून माझं ऐकणारी असती तर आत्ता ती ओसरीवर पडून गोड चहा पीत असती. तिला स्वतःची जीभ तोडून फेकावीशी वाटली.

पाऊण तासानं दार उघडलं. नर्सच्या हातात गुंडाळलेलं एक सुरकुतलेलं, लालबुंद, सव्वादोन किलोचं गाठोडं होतं. मुलगी. ती अशी काही किंचाळत होती की बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. मागून डॉक्टर आल्या. "आई छान आहे. अगदी वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "संध्याकाळ झाली असती तर मी काही सांगू शकले नसते."

पलीकडचा एक म्हातारा कुरकुरला, एवढीशी पोर आणि काय हा गोंगाट. सवयीनं वागिराचा हात बाळाला चुप करायला उठला. माणसं बघतायत, बरं दिसत नाही. मग तिनं तो हात मागं घेतला आणि नातीच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"ओरड, बाई," ती म्हणाली. "चांगली मोठ्यानं ओरड. कुणाची भीड धरू नकोस."