पहिल्याच प्रकरणाची लेखिका

व्हर्लीन स्टुट्स्के प्रेमकादंबरी लिहिते, हे आयोवातल्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दाताच्या दवाखान्यातली नोकरी सुटल्यापासून ती लिहीतच होती. एकच कादंबरी. आणि तिचंही पहिलंच प्रकरण.

दोष तिचा एकटीचा नव्हता. प्रेमकथांच्या स्पर्धांना पहिलं प्रकरण लागतं, कार्यशाळांत तपासतात तेही तेच. दर मंगळवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिच्या लेखिका-मंडळातल्या बायका त्याच प्रकरणाची चिरफाड करत. नियम कडक होता. जिचं लिखाण तिने तोंड मिटून ऐकायचं आणि शेवटी फक्त 'आभारी आहे' म्हणायचं. अध्यक्ष मॉरीन हॅल्डरसन यांची एक कादंबरी कधीकाळी छापून आली होती, त्या जिवावर बाई अजून भाव खात होत्या. त्यांच्या सल्ल्याने व्हर्लीनचा नायक आधी गुराखी होता, मग इंग्लंडातला उमराव झाला, वारं फिरलं तसा पिशाच्च बनून लोकांचं रक्त पिऊ लागला आणि सध्या आइस हॉकी खेळत होता. नायिकेला तो धडकायचा मात्र कायम बियाण्यांच्या दुकानाच्या दारातच.

यंदा त्या प्रकरणाला पहिलं बक्षीस मिळालं. न्यूयॉर्कहून एका प्रकाशनाच्या संपादकबाईंचा फोन आला. "फार आवडलं हो! आता पूर्ण कादंबरी पाठवा. उन्हाळ्यापर्यंत थांबते मी."

व्हर्लीनच्या तोंडचं पाणी पळालं. दोघांना भेटवायचं कसं, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. पण भेटल्यावर ती दोघं करतात काय?

"डेल्बर्ट," जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "भेटल्यानंतर पुढे काय होतं रे माणसांचं?"

डेल्बर्टने मक्याचं कणीस खाली ठेवलं. "आपलं म्हणतेस? पहिल्याच हिवाळ्यात घर तापवायची भट्टी बंद पडली. माझ्या आईचा कोट घालून स्वयंपाक करायचीस आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हतीस."

"घाणेरडा वास यायचा त्या कोटाला."

"तरी माहेरी गेली नाहीस," तो म्हणाला आणि पुन्हा कणसाला लागला.

व्हर्लीन ताट तसंच ठेवून उठली आणि लिहायला बसली. हॉकीपटूची भट्टी बंद पडली, नायिकेने सासूचा कोट चढवला. लिहिताना तिला हसू फुटलं, मग रडूही आलं. पहिल्या प्रकरणाने इतक्या वर्षांत तिला कधी रडवलं नव्हतं.

मंगळवारी तिने हे दुसरं प्रकरण मंडळात वाचलं.

"लिखाण बरंय गं," मॉरीनबाई म्हणाल्या, "पण ही दोघं कोण? भेटली कुठे? वाचकाने समजायचं काय? भेटीपासून सुरू कर."

"आणि तो कोट आधी काढ," शेजारी बसलेली एकजण म्हणाली. "नायिका आहे ती, कशी दिसेल त्यात?"

ज्यांना ती भेट तोंडपाठ होती, त्याच बायका गंभीरपणे माना डोलावत होत्या. व्हर्लीनला संताप आला. टीका संपली तशा सगळ्या नियमाप्रमाणे तिच्या आभारांची वाट बघू लागल्या. तिने आणलेला लिंबाच्या वड्यांचा डबा अजून अर्धा भरलेला होता. तिने त्याला झाकण लावलं, डबा काखेत मारला आणि ती उठली.

"अगं, आभार राहिले!" मॉरीनबाई म्हणाल्या.

"तिसरं प्रकरण अर्धं टाकून आलेय," व्हर्लीन दारातून म्हणाली. "त्यात सासू येते, कोट परत मागायला."