पंचांपुढं उभा केलेला उंदीर

फागूनं राजाची शेपटी चिमटीत धरली, त्याला अलगद उचललं आणि खालचा पेंढा बोटानं चाळला. चारी कोपरे बघितले. पिल्लू एकपण नाही.

"अरे मुडद्या," तो राजाला म्हणाला, "सहावी बायको दिली तुला. नागलीची भाकर खातोस ती जाते कुठं?"

राजा म्हणजे उंदीर. संस्थानाच्या काळात जव्हारला एक गोरा साहेब राहायचा, थंड हवेसाठी आलेला. त्याला नाद एकच, उंदरांची लग्नं लावायची आणि पोरं कशी निपजली ते वहीत लिहायचं. बिनशेपटीच्या उंदरांची दोन घराणी होती त्याच्याकडं, सगळे बांडे. ह्या घराण्यातला नर आणि त्या घराण्यातली मादी अशी सोयरीक जमवली की काही पोरं अख्ख्या शेपटीची निघायची. राजा त्यातलाच. रंगानं साधा करडा, पण मिशी काय, शेपटी काय. फक्त बाप व्हायचं नाव नाही. त्याच्या भावांचंही तेच. बहिणी मात्र दणादण विणाऱ्या.

साहेब म्हणायचा, रक्तातच बिघाड आहे, आईबापाकडून आलेला, आणि तो नरालाच नडतो. उंदीर सांभाळायला ठेवलेल्या फागूला ते पटेना. पोर होत नाही म्हणजे बाईचंच काहीतरी, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. त्यानं मोखाड्याहून गुपचूप भगत आणला. भगतानं दोष कुणाचा ते बघायला सुपात तांदळाचे दाणे मांडले, तर राजाची तिसरी बायको आली आणि दाणे खाऊन गेली.

"हीच ती," भगत म्हणाला.

फागूनं तिला हाकलून एका बांड्याच्या खोक्यात टाकली. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं. फागू खोक्यापाशी पिल्लं मोजत बसला. म्हणजे बिघाड ह्या मिशीवाल्यातच होता.

आणि बसल्या बसल्या त्याला बहीण आठवली. माघी, दाभोसा गावात दिलेली. नवरा मंगळू, तो पण मिशीला तेल लावणारा. चार वर्षं झाली, पोर नाही. येत्या सोमवारी पंच बसणार होते, माघीला वांझ ठरवून माहेरी धाडायला. तिचा निरोप आलेला, "दादा, जायचं मला काय वाटत नाय. पण हे नाव घेऊन नाय जायची. मग मला कोण नांदवील?"

साहेब नाशकाला गेला होता. फागूनं दोन खोकी डोक्यावर घेतली, एक राजाचं, दुसऱ्यात तो बांडा, ती तिसरी बायको आणि पिल्लं, आणि रविवारीच दाभोसा गाठलं.

सोमवारी पंचांतला सगळ्यात वडीलधारा, पोश्या कारभारी, खोक्यात डोकावला. "ह्या काय आणलास?"

"साक्षीदार," फागू म्हणाला. "कारभारी, ही बाई दोन महिने ह्या मिशीवाल्याकडं नांदली. काय नाय झालं. मग ह्या बांड्याला दिली. मोजा."

पोश्यानं बोट लावून मोजली. "सात."

"मिशीवाल्याला अजून पाच करून दिल्या. सगळ्या तशाच."

मंगळूचा चुलता तुका खवळला. "माणसाचं आन उंदराचं एक हाय का रं?"

"नाय ना. उंदीर बायकोला नाव ठेवत नाय."

लोक हसायला लागले. मंगळूचा हात मिशीकडं निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. "मी काय उंदीर हाय?" तो म्हणाला.

"दाजी, तसं नाय म्हटलं मी. राजाला वाईट वाटंल."

पोश्या बराच वेळ राजाकडं बघत बसला. राजा त्याच्याकडं बघून मिशी हलवत होता. शेवटी पोश्या म्हणाला, "एवढा मर्दासारखा दिसतो, आन कायच नाय?"

"कायच नाय."

"वळू बदलताना आपण गायीला बोलत नाय, ते खरं हाय. वांझ हा शबूद कोणाच्याच नावाला लावायचा नाय. काडी मोडा आन दोघं मोकळी व्हा."

सोडचिठ्ठीची काडी माघीनं एवढ्या जोरात मोडली की तुकडा उडून पोश्याच्या पागोट्यात बसला.

वर्षाच्या आत ती खोडाळ्याच्या जिव्याकडं नांदायला गेली. आधी पोरगी झाली, मग दोन पोरगे. मंगळूनं कोंडीला आणली, तिचं काही होईना म्हणून येसूला आणली. पाळणा काही टांगावा लागला नाही.

इकडं जव्हारला वेगळंच झालं. महिनाभरात राजाच्या खोक्यात नऊ पिल्लं. साहेब वही घेऊन धावत आला. फागूला कबूल करावं लागलं की राजाला दाभोशाला फिरवून आणलाय. "तिकडचं पाणी मानवलं त्याला," तो जमिनीकडं बघत म्हणाला. मग साहेबानं दाभोशाहून घागरी भरून मागवल्या आणि राजाच्या सगळ्या भावांना ते पाणी पाजलं. वाहायला अर्थात फागूच. भावांना काही झालं नाही, फागूची मान तेवढी अवघडली.

खरं काय ते माघीनं सांगितलं, तेही दात पडल्यावर. राजा दाभोशाला पोचलाच नव्हता. नदी उतरताना खोकं कलंडलं आणि तो पळाला. सोमवारी सकाळी फागू कपाळ धरून बसलेला, तेव्हा माघीनं मंगळूच्याच कणगीमागं हात घातला, तिथला एक करडा, चांगला मिशीवाला नर पकडला आणि खोक्यात सोडला. पंच त्याच्याकडं बघून हळहळत होते तेव्हा त्याची अकरा पोरं कणगीत मंगळूची नागली खात होती.