पद्मिनीनं पाळलेली रीत

पद्मिनी मुळात कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवरा ज्ञानेश आयर्लंडमधल्या टॅला गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्याच्या ड्युट्या आणि घर यातच तिचा दिवस जाई. पण २०१० मध्ये वसाहतीतल्या पोरांनी आठ वर्षांच्या ईशानीच्या पाठीवर अंडी फोडली, 'आपल्या देशात जा' म्हणाली, आणि पोरीनं खेळायला जाणंच सोडलं. तेव्हा ही बाई पदर खोचून उठली.

दारोदार फिरली. दर शनिवारी चारला वसाहतीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी चहाला यायचं, मुलांनी एकत्र खेळायचं. पहिल्या खेपेला चिटपाखरूही फिरकलं नाही. मग समोरच्या घरातली ब्रीडा आली. हॉलची किल्ली तिच्याकडे, आणि तिच्या शब्दाला वजन. ती आली म्हणून पोलिश आल्या, नायजेरियन आल्या, नाकं मुरडणाऱ्या तिथल्या बायकाही आल्या. दोन वर्षांत ईशानीला दोन मैत्रिणी मिळाल्या. पद्मिनीला एवढंच हवं होतं.

आणि ब्रीडाचा नवरा नोएल गेला.

शवपेटी घरी आणून बैठकीत ठेवली. पद्मिनीची माहेरची शिकवण पक्की: मयत घरात असताना तिथे कुणी खात-पीत नाही, मुलांना लांब ठेवायचं, आणि नेल्यावर शेजाऱ्यांनी पिठलं-भात पोचवायचा. तासा-दोन तासांत नेतील म्हणून ती थांबली, ते चांगले दोन दिवस! खिडकीतून बघते तर अख्खी गल्ली सँडविचचे ट्रे घेऊन आत जातेय, चहा होतोय, हसणंसुद्धा ऐकू येतंय.

"अगं, जाऊन ये ना," ज्ञानेश फोनवर म्हणाला. "इथे सगळे जातात. टू मिनिट्स उभी राहा, बस."

"तिच्यावर आभाळ कोसळलंय, त्यात मी कुठे गर्दी करू? नेल्यावर जाईन."

दफनालाही गेली नाही. बायका कुठे स्मशानात जातात! एवढी शिकलेली बाई, पण शेजारणीला एका शब्दानं विचारायचं सुचलं नाही.

दफन झालं त्या संध्याकाळी तिनं डबा घेऊन दार वाजवलं. ब्रीडानं डब्याला हात लावला नाही.

"माझ्याशी बोलत नाहीत तेही आले," ती शांतपणे म्हणाली. "दोन वर्षं तू म्हणायचीस, आम्हाला तुमच्यात घ्या. मी घेतलं. तुझ्यापायी लोकांशी भांडले. आणि माझ्या नोएलला निरोप द्यायला तुला रस्ता ओलांडवला नाही?"

"आमच्याकडे..." पद्मिनीनं सुरुवात केली. आता रीत सांगितली तरी सबबच वाटणार होती. दार लागलं.

शनिवारी चार वाजता हॉलला कुलूप होतं. ईशानीच्या दोन्ही मैत्रिणी आयांसोबत समोरून गेल्या. आयांनी माना वळवल्या.

"मॅम, व्हॉट डिड वी डू?" ईशानीनं विचारलं. तिथल्या पोरींसारखी ती आईला मॅमच म्हणे.

पद्मिनी पायरीवर बसली आणि पोरीसमोर ढसाढसा रडली. मग डोळे पुसून, तिला घेऊन सरळ दफनभूमीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा. ब्रीडा ऐकत नसेल तर निदान नोएलपुढे हात जोडावेत.

ताज्या मातीचे सहा ढिगारे होते, सगळे फुलांनी झाकलेले. नावाचा दगड एकावरही बसला नव्हता. त्या दिवशी आली असती तर कळलं असतं. नोएल यातला कुठला, हे विचारायला तिच्या ओळखीचं एकच दार होतं, ते ब्रीडाचं.